नाना फडणीस : घरचा कलह आणि शेजारची शांतता

संघाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र द्यावे, असा परिपाठ आहे. यंदा आम्ही त्यासाठी नाना फडणिसांची निवड केली आहे. नानांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत त्यांची गणना होते आणि तलवार हाती न धरल्यामुळे त्यांच्या वाट्याला त्यातले अर्धे शहाणपण आले, हे आपण आजोबा-आजींच्या तोंडून ऐकलेले असते. तरीही हे चरित्र निवडण्यास आम्हांस एक विशेष कारण वाटते. राज्यातील घरगुती भांडण त्या राज्याच्या वेशीपाशी थांबत नाही, ते शेजारच्या दरबारात शिरते, तेथील तराजू हलवते आणि अखेर सर्व प्रदेशाची शांतता घालवते, हे सत्य नानांच्या आयुष्याइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल. अमुक एका ज्ञातीचे भूषण म्हणून नानांकडे पाहण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या यशात अनेक ज्ञातींच्या माणसांचा हात होता आणि त्यांच्या अपयशात ज्ञातीज्ञातींतील मत्सराचाही वाटा होता. ही गोष्ट आपल्यासारख्या संस्थेने तर मुद्दाम ध्यानी घ्यावी अशी आहे.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. भानूंचे घराणे कोकणातील वेळासचे. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांबरोबर हे घराणे देशावर आले आणि पेशव्यांच्या उत्कर्षाबरोबर त्याचाही उत्कर्ष झाला. नानांचे आजोबा पहिल्या पेशव्यांसमवेत दिल्लीस गेले असता 1719 मध्ये तेथील दंग्यात कामास आले. पुढे फडणिशी या घराण्यात स्थिरावली. नानांचा जन्म 12 फेब्रुवारी 1742 रोजी सातारा येथे झाला. 1756 मध्ये वडील जनार्दनपंत निवर्तले, त्या वेळी नाना अवघे चौदा वर्षांचे होते. त्या वयात फडणिशीची वस्त्रे अंगावर आली. फडणीस म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा प्रमुख. कोणत्या परगण्याचा वसूल किती, कोणत्या सरदाराकडे फौजेचा सरंजाम किती, कोणाची बाकी किती, हे सर्व फडात नोंदले जाई. राज्याची नाडी या दफ्तरात सापडते, हे त्या मुलाने लवकरच ओळखले. पुढील चव्वेचाळीस वर्षे त्यांनी ती नाडी सोडली नाही.

1761 च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांचा जो संहार झाला, तेथे एकोणिशीचे नाना आपली आई व पत्नी यांसह होते. उत्तरेतील तीर्थयात्रा घडावी, ही त्यामागील इच्छा होती. प्रत्यक्षात त्या दिवशी भाऊसाहेब व विश्वासराव गेले आणि पळापळीत नानांची मातोश्रीही हरवली, ती पुन्हा भेटली नाही. जीव वाचवून, पायी वाटचाल करीत, वेष पालटून नाना कसेबसे परतले. या काळाचा वृत्तांत त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे आणि मराठीतील जुन्या आत्मवृत्तांत त्यास मानाचे स्थान आहे. नाना पुढे जन्मभर रणांगणापासून दूर राहिले, याबद्दल त्यांची थट्टा झाली. आम्हांस वाटते की ज्याने एका दिवसात एक पिढी बुडालेली पाहिली, त्याने लढाई हा शेवटचा उपाय मानला, यात नवल नाही.

थोरल्या माधवरावांनी अकरा वर्षांत पानिपतची जखम भरून काढली. निजाम आटोक्यात आला, हैदर अलीला वारंवार नमावे लागले आणि उत्तरेत मराठी फौजा पुन्हा दिल्लीपर्यंत पोहोचल्या. मात्र या कर्त्या पेशव्यालाही घरातील एक काटा अखेरपर्यंत सलत राहिला. तो म्हणजे चुलते रघुनाथराव. पेशवेपदाची त्यांची अभिलाषा इतकी तीव्र होती की 1762 मध्ये त्यांनी पुतण्याविरुद्ध निजामाचे साहाय्य घेण्यासही कमी केले नाही. घरचे भांडण शेजाऱ्याच्या दारात नेण्याची वाट अशा रीतीने आधीच मळलेली होती. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे माधवराव क्षयाने वारले आणि राज्याची धुरा त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांजकडे आली.

30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा वध केला. ती कथा सर्वश्रुत आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष थेट रघुनाथरावांच्या माथी ठेवला आणि पुण्याची सेवा सोडली, हेही सर्वांस ठाऊक आहे. नानांचे खरे कर्तृत्व येथून सुरू होते. सखारामबापू बोकील, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके आदी मंडळींसह त्यांनी जे कारस्थान उभारले, त्यास बारभाईंचे कारस्थान म्हणतात. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर सुरक्षित नेण्यात आले आणि तिच्या नावाने कारभार सुरू झाला. 18 एप्रिल 1774 रोजी गंगाबाईस पुत्र झाला. अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकास, सवाई माधवरावांस, पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्यापूर्वीच मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगाव येथे रघुनाथरावांशी लढताना त्रिंबकराव पेठे पडले होते. म्हणजे या बालकाचे पद जन्माआधीच रक्ताने विकत घेतले गेले होते.

आता पुण्याबाहेर पाहू. मुंबई बेटावर इंग्रजांची वखार होती. बेट लहान, उत्पन्न तुटपुंजे आणि खर्च भागविण्यासाठी बंगालच्या पैशावर भिस्त. साष्टी बेट व वसई हाती आल्यास मुंबई सुरक्षित होईल व उत्पन्नही वाढेल, अशी तेथील कौन्सिलाची कित्येक वर्षांची आस होती. माधवरावांच्या हयातीत ते मागण्याचा उपयोग नव्हता. पुण्यात दोन पक्ष पडताच ती संधी आली. 1774 च्या डिसेंबराअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1775 च्या मार्चमध्ये सुरत येथे रघुनाथरावांशी तह केला. इंग्रजी फौजेने त्यांना पेशवेपदावर बसवावे आणि मोबदल्यात त्यांनी साष्टी, वसई व आणखी मुलूख द्यावा, असे ठरले. घरातील एका हक्कदाराने परक्याच्या बंदुकीवर हात ठेवला आणि मराठ्यांच्या वारशाचा वाद हा सर्व हिंदुस्थानच्या राजकारणाचा प्रश्न बनला.

येथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. घरची फूट केवळ पुण्यातच होती असे नाही. 1773 च्या कायद्याने कलकत्त्याच्या सरकारला मुंबई व मद्रासवर युद्ध-तहाच्या बाबतीत देखरेखीचा अधिकार मिळाला होता आणि मुंबईकरांनी त्यांना न विचारता तह केला. खुद्द कलकत्त्यात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज व त्यांच्या कौन्सिलातील बहुमत यांत विळ्याभोपळ्याचे सख्य होते. त्या बहुमताने सुरतेचा तह अन्याय्य ठरवून कर्नल अप्टनला पाठविले. 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह झाला. रघुनाथरावांचा पक्ष सोडावा, साष्टी इंग्रजांकडे राहावी, त्यांना बारा लाख रुपये मिळावेत, अशी त्याची मुख्य कलमे होती. इतक्यात लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या तहाला मान्यता दिल्याचे पत्र आले आणि मुंबईकरांनी रघुनाथरावांना आश्रय देणे चालूच ठेवले. एका सरकारची तीन तोंडे तीन दिशांना बोलत होती. नानांनी ही विसंगती ओळखली आणि तिच्या आधारे वेळ मिळविला. परपक्षातील दुही हेरणाऱ्या या मुत्सद्द्याला स्वपक्षातील दुही मात्र जन्मभर पुरली.

कारण पुण्यातही स्वस्थता नव्हती. 1776 मध्ये पानिपतात नाहीसे झालेले भाऊसाहेब आपणच, असे सांगणाऱ्या तोतयाने कोकणात बंड माजविले. ते मोडून त्याला देहान्त शासन करावे लागले. 1777 मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला आणि नानांनी त्याचा मोठा आदरसत्कार केला. फ्रेंचांकडून खरोखरच काही मिळेल असा नानांचा भरवसा कितपत होता, ते सांगणे कठीण, पण इंग्रजांच्या मनात धाक बसला हे खरे. 1778 मध्ये नानांचे चुलत बंधू मोरोबा फडणीस यांनीच रघुनाथरावांना पुण्यास आणण्याचा डाव रचला. सखारामबापूंचे धोरणही दुटप्पी होऊ लागले. नानांनी महादजी शिंद्यांच्या बळावर हा डाव उधळला. मोरोबा कैदेत पडले आणि पुढे बापूंनाही कैदेतच दिवस काढून देह ठेवावा लागला. बारा भाईंपैकी पाच वर्षांत किती उरले, हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते.

1778 च्या अखेरीस रघुनाथरावांना घेऊन इंग्रजी फौज बोरघाट चढून वर आली. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिली नाही. वाटेवरची वैरण व धान्य जाळले, पाणवठे बिघडविले, घोडदळाने पिच्छा पुरविला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपले लोक त्याला इष्टुर फाकडा म्हणत आणि शत्रू असूनही त्याच्या शौर्याची आठवण त्यांनी जपली. तळेगाव ओसाड पाहून इंग्रज मागे फिरले आणि जानेवारी 1779 मध्ये वडगाव येथे कोंडीत सापडले. रघुनाथरावांना स्वाधीन करावे, 1773 पासून घेतलेला मुलूख परत द्यावा, असे लिहून देऊन त्यांनी सुटका करून घेतली. सह्याद्रीच्या कुशीत मिळालेला हा विजय महादजींच्या तलवारीचा आणि नानांच्या तजविजीचा. त्यानंतरचा प्रमाद मात्र आपल्याकडचा. महादजींच्या ताब्यातील रघुनाथराव उत्तरेस नेले जात असता निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडे गेले. मुंबईकरांनीही वडगावचा करार झिडकारला.

आता नानांनी जे केले, त्यास त्यांच्या आयुष्यातील सर्वोच्च कामगिरी म्हणावे लागेल. निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले हे तिघेही मराठी दौलतीशी वेळोवेळी भांडलेले. त्या तिघांना नानांनी इंग्रजांविरुद्ध एका सूत्रात गोवले. हैदराबादेस, श्रीरंगपट्टणास, दिल्लीस पेशव्यांचे वकील असत. त्यांची बातमीपत्रे पुण्यास अहोरात्र येत आणि नाना त्यांना बारीकसारीक सूचना पाठवीत. ठरल्याप्रमाणे 1780 च्या जुलैत हैदर कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरात त्याने कर्नल बेलीच्या फौजेचा फडशा पाडला. मद्रास हादरली. पण निजाम कुंपणावर बसून राहिला आणि नागपूरकरांची समजूत हेस्टिंग्जने पैशाने घातली. उत्तरेत ग्वाल्हेरचा किल्ला गेला, गुजरातेत अहमदाबाद गेले, वसईही गेली. तथापि 1781 मध्ये बोरघाट उतरून परतणाऱ्या जनरल गॉडर्डच्या फौजेला मराठ्यांनी चांगलेच हैराण केले. पुण्यातील एका वाड्यातील वारशाच्या वादापायी गुजरातेपासून मद्रासेपर्यंत आणि बुंदेलखंडापासून कोकणापर्यंत सात वर्षे शेते जळत होती.

17 मे 1782 रोजी महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत मिळाली आणि इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष कायमचा सोडला. हैदराला सोडून एकट्याने तह करणे नानांना रुचले नाही. हैदर जिवंत असेतो त्यांनी तहावर शिक्का केला नाही. डिसेंबरात हैदर वारल्यानंतर 1783 च्या फेब्रुवारीत त्यांनी मान्यता दिली. रघुनाथराव नेमणूक घेऊन कोपरगावी राहिले आणि त्याच वर्षअखेर वारले. वारशाचा वाद संपताच इंग्रज व मराठे यांत वीस वर्षे युद्ध झाले नाही. परक्याला शिरण्यास भोक उरले नाही, म्हणून तो शिरला नाही. ही शांतता नुसत्या फौजेची नव्हती. पुण्यात एक पेशवा आणि एक कारभार आहे, या विश्वासाची होती.

या वीस वर्षांतील दक्षिणेचे राजकारण म्हणजे चार पारड्यांचा तराजू होता. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण आणि इंग्रज यांपैकी कोणीही फार जड होऊ नये, याची दक्षता नाना घेत. टिपू प्रबळ झाला तेव्हा निजामासह त्याजवर मोहीम केली आणि 1787 मध्ये गजेंद्रगड येथे तह झाला. 1790 मध्ये इंग्रज व निजाम यांच्याशी सख्य करून पुन्हा टिपूशी युद्ध मांडले. 1792 च्या तहात टिपूला निम्मे राज्य आणि सुमारे सव्वातीन कोटी रुपये द्यावे लागले. टिपूला समूळ बुडवावे, असे मात्र नानांना वाटत नव्हते. तो नाहीसा झाला तर इंग्रजांचे पारडे कोणी रोखू शकणार नाही, हे ते जाणून होते. तरीही टिपू दुबळा झाल्याने लाभ झाला तो मुख्यतः इंग्रजांचा, हेही आम्ही येथे नमूद करतो. चरित्रलेखनात भक्ती असावी, पण हिशेब चुकू नये. नानांसारख्या फडणिसाच्या बाबतीत तर मुळीच चुकू नये.

हिशेब करू लागलो म्हणजे नानांच्या खर्चाच्या बाजूसही काही रकमा आढळतात. कारभार त्यांनी एकहाती ठेवला. कोणावरही पूर्ण विश्वास टाकला नाही आणि ज्यांच्यावर टाकला, त्यांतील काही तो पात्रतेने वाहू शकले नाहीत. पुण्याच्या कोतवालीवर नेमलेल्या घाशीरामाच्या कोठडीत निरपराध ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा 1791 मध्ये शहर खवळले आणि घाशीराम जमावाच्या हातून दगडांनी मारला गेला. महादजी शिंदे उत्तरेत बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. त्यांची फौज दि बॉयन या युरोपियन सेनानीने कवायती केली. उत्तरेच्या जमाखर्चावरून नाना व महादजी यांत वितुष्ट आले आणि नानांनी तुकोजी होळकरांना जवळ केले. शिंदे-होळकरांचा दावा इतका विकोपास गेला की 1793 मध्ये लाखेरी येथे दोन मराठी फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. इंग्रज वकील पुण्यात बसून हे सर्व लिहून पाठवीत होते. महादजी 1792 मध्ये पुण्यास आले, दोघांची समक्ष बोलणी झाली, मने काही अंशी निवळली. पण 12 फेब्रुवारी 1794 रोजी, नानांच्या बावन्नाव्या वाढदिवशीच, वानवडी येथे महादजींचा अंत झाला. त्याच वर्षी हरिपंत फडके गेले. पुढील वर्षी अहिल्याबाई होळकर गेल्या. ज्या खांबांवर छप्पर उभे होते, ते एकामागून एक निखळू लागले.

तरीही मावळत्या तेजाचा एक अखेरचा झोत पडला. चौथाईच्या थकबाकीवरून निजामाशी युद्ध उभे राहिले. पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे झाडून सारे सरदार एकत्र आले. 11 मार्च 1795 रोजी खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला. शिंद्यांच्या फौजेचे आधिपत्य जिवबादादा बक्षींकडे होते आणि सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क ओलीस आला, मुलूख व तीन कोटींची कबुली मिळाली. सर्व ज्ञातींचे, सर्व घराण्यांचे मराठे एका झेंड्याखाली लढल्याचा तो शेवटचा प्रसंग. पुण्यात केवढा आनंदोत्सव झाला असेल, याची कल्पना करावी.

तो आनंद आठ महिनेही टिकला नाही. सवाई माधवराव आता एकवीस वर्षांचे होते, पण नानांच्या कडक देखरेखीत वाढलेल्या त्या तरुणास कारभाराचा अनुभव जवळजवळ नव्हता. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव व चिमाजी यांना नानांनी नजरकैदेत ठेवले होते. त्या चुलत्याशी पेशव्यांनी गुप्त पत्रव्यवहार केल्याचे उघडकीस आले आणि नानांनी बोल लावले. 25 ऑक्टोबर 1795 रोजी शनिवारवाड्याच्या सज्ज्यातून पडून पेशवे जबर जखमी झाले आणि दोन दिवसांनी मृत्यू पावले. तो अपघात होता की त्यांनी उडी घेतली, याविषयी आजही मतभेद आहेत. ज्याच्या जन्मासाठी नानांनी पुरंदर गाठला, ज्याच्या पदासाठी इंग्रजांशी सात वर्षे झुंज दिली, ते मूल नानांच्याच छायेत गुदमरले की काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. आमच्याही मनात तो येतो. राज्य सांभाळणे आणि राज्य सांभाळणारा घडविणे ही दोन कामे आहेत. नानांनी पहिले अलौकिक केले आणि दुसरे त्यांच्या हातून झाले नाही.

पेशवे निपुत्रिक गेल्याने वारशाचा प्रश्न पुन्हा उघडा पडला आणि बावीस वर्षांपूर्वीचे चक्र पुन्हा फिरू लागले. बाजीराव गादीवर येऊ नयेत म्हणून नानांनी दत्तकाचा उपाय योजला. बाजीरावांनी दौलतराव शिंद्यांशी संधान बांधले. कधी चिमाजी, कधी बाजीराव, कधी परशुरामभाऊ वर, कधी नाना वर, असा वर्षभर गोंधळ चालला. नाना पुणे सोडून महाडास गेले आणि तेथून त्यांनी एकामागून एक पक्ष फिरविले. बुद्धीचा हा चमत्कार वाचून आजही थक्क व्हायला होते. पण त्याची किंमत पाहावी. निजामाची मदत मिळावी म्हणून खर्ड्यावर जिंकलेला मुलूख व थकबाकी सोडण्याचे कबूल केले. नागपूरकरांना प्रदेश देऊ केला. शिंद्यांना जहागीर व पैसा देऊ केला. परशुरामभाऊंना शह देण्यासाठी कोल्हापूरकरांना चेतविले. सर्व दौलतीने मिळून जे मिळविले, ते घरातील एका डावासाठी वाटून टाकावे लागले. 1796 च्या डिसेंबरात दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि नाना कारभारी राहिले. पण पूर्वीचा विश्वास कोणाचाच कोणावर उरला नव्हता.

पुढील घटना आम्ही थोडक्यात सांगतो, कारण त्या सांगताना लेखणी जड होते. 1797 मध्ये तुकोजी होळकर वारले आणि त्यांच्या मुलांत कलह लागला. दौलतरावांनी त्यात हात घालून मल्हारराव होळकरांचा घात केला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी शिंद्यांच्या छावणीत भेटीस गेलेले नाना दगाबाजीने कैद झाले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. शिंद्यांच्या फौजेचा पगार भागविण्यासाठी सर्जेराव घाटग्यांनी पुण्यातील श्रीमंतांना मारझोड करून लुटले. ही स्थिती दूरवरचे डोळे पाहत होते. खर्ड्याच्या वेळी इंग्रज तटस्थ राहिल्याने रुष्ट झालेला निजाम रेमंड या फ्रेंच सेनानीच्या फौजेवर विसंबून होता. पण लॉर्ड वेलस्ली 1798 मध्ये आले, तेव्हा पुणे आपल्याच आगीत जळत होते. निजामाला आवरण्यास वा सावरण्यास कोणी मोकळे नव्हते. 1 सप्टेंबर 1798 रोजी निजामाने तैनाती फौज पत्करली आणि त्याची फ्रेंच फौज मोडली गेली. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. नानांच्या चार पारड्यांपैकी दोन अशा रीतीने एका वर्षात इंग्रजांच्या हाती गेली, आणि यात सर्वात मोठे साहाय्य इंग्रजांना झाले ते पुण्याच्या घरच्या भांडणाचे.

1798 मध्ये मोठी रक्कम भरून नाना सुटले होते. बाजीरावांनी त्यांना पुन्हा कारभारात घेतले. देह थकला होता, मन कष्टी होते. पुण्यास तैनाती फौज येऊ द्यायची नाही, एवढा एक निर्धार मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. 13 मार्च 1800 रोजी अठ्ठावन्नाव्या वर्षी नाना निवर्तले. त्यांना जिवंत पुत्र नव्हता. तरुण पत्नी जिऊबाई मागे राहिली आणि नानांच्या संपत्तीवर डोळा असलेल्या धन्याच्या भयाने तिला किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. ज्याने अर्ध्या हिंदुस्थानचे हिशेब सांभाळले, त्याच्या घरच्या माणसाची ही स्थिती झाली.

नानांमागे तीन वर्षेही गेली नाहीत. 1801 मध्ये बाजीरावांनी विठोजी होळकरास क्रूरपणे मारविले. त्याचा सूड म्हणून यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले आणि 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा मोड झाला. बाजीराव पळाले आणि इंग्रजांच्या आश्रयास वसईस गेले. 31 डिसेंबर 1802 रोजी तेथे झालेल्या तहाने मराठी दौलतीचे स्वातंत्र्य वस्तुतः संपले. पित्याने 1775 मध्ये सुरतेस जे दार किलकिले केले, ते पुत्राने वसईस सताड उघडले. 1803 मध्ये असई, अडगाव व लासवारीच्या लढाया झाल्या. 1818 मध्ये उरलेसुरले राज्यही गेले. या काळात पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी माळव्यापासून कर्नाटकापर्यंत जो उच्छाद मांडला, त्याचेही मूळ फौजांना पगार न देणाऱ्या आणि आपसांत लढणाऱ्या दरबारांतच शोधावे लागते.

तेव्हा नानांचे मूल्यमापन कसे करावे? काही इतिहासकार त्यांना राज्याचा आधारस्तंभ म्हणतात, काही संशयी व सत्तालोभी म्हणतात. आम्हांस दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. पंचवीस वर्षे त्यांनी घरची फूट बाहेर जाऊ दिली नाही, आणि तेवढी वर्षे मराठी दौलत मोडली नाही. पण फूट मिटविण्याऐवजी ते ती कोंडून ठेवीत गेले. मोरोबा कैदेत, बापू कैदेत, रघुनाथरावांचे पुत्र कैदेत. कोंडलेली वाफ भांडे धरून ठेवणारा हात सुटताच उसळली. राज्याची घडी एका माणसाच्या स्मरणशक्तीवर व सावधपणावर उभी असेल, तर ती त्या माणसाबरोबरच विस्कटते.

वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली येथे नानांचा वाडा आणि घाट आजही उभा आहे. घाटावर वसईच्या विजयात मिळालेली मोठी घंटा टांगलेली आहे. त्या वाड्यात सापडलेले दफ्तर इतिहाससंशोधकांना केवढे तरी उपयोगी पडले. सुटीत मुलाबाळांसह तेथे अवश्य जावे, अशी सभासद-कुटुंबांस आमची विनंती आहे. 1739 मध्ये एकदिलाने घेतलेल्या वसईची ती घंटा आणि 1802 मध्ये फुटलेल्या घरामुळे वसईस झालेला तो तह, या दोन्ही गोष्टी मुलांना त्या घाटावर बसून सांगाव्यात. वडीलधाऱ्यांनी वेळीच पुढच्या पिढीच्या हाती जबाबदारी द्यावी, रुसलेल्या भावाला कोंडून न ठेवता त्याची समजूत काढावी, आणि घरचा वाद परक्याच्या ओसरीवर नेऊ नये. हे दौलतीला जेवढे लागू आहे, तेवढेच कुटुंबाला आणि आपल्या संघालाही लागू आहे. नानांचे पुण्यस्मरण करताना एवढा बोध आपण सर्वांनी उचलावा, इतकीच आमची वाचकांस नम्र प्रार्थना आहे.